खरखर

रात्री दीड वाजता मी घराचा मेन स्विच खाली केला. पंखे थांबले, फ्रिज गप्प झाला, राउटरचे हिरवे दिवे विझले. नवरा झोपेतच "लाइट गेले का गं?" म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागला. माझ्या हातात दोन सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर होता, मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेत लावलेला. आता घरात विजेवर चालणारी एकही वस्तू चालू नव्हती. तरी त्यातून 'झ्झ्झ्झ' येतच होतं, स्विच खाली करायच्या आधी होतं तेवढंच.

ही खरखर करणारा चोर आपल्या घरात नाही, एवढं त्या रात्री कळलं. दिवाळीपासून मी त्याच्या मागावर होते.

मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी. डब्ल्यूपीसीची, म्हणजे रेडिओ परवाने देणाऱ्या सरकारी विभागाची, परीक्षा द्यायची, परवाना आला की 'व्हीयू'ने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो आणि ठरवून दिलेल्या बँडांवर, म्हणजे वारंवारितांच्या पट्ट्यांवर, जगाशी बोलता येतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून ही परीक्षा देता येते. माझा जीव चाळीस मीटरच्या बँडवर, सात मेगाहर्ट्झच्या आसपास. त्यासाठी गच्चीवर साधारण वीस मीटर तांब्याची तार मधोमध तोडून डायपोल अँटेना बांधलीय. (१४३ ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की मीटरमध्ये लांबी मिळते. कापताना वीतभर जास्तच ठेवावी, तार कमी करणं सोपं असतं.) दिवाळीपर्यंत बँड रिकामा असताना सिग्नलचा जोर दाखवणारा माझा एस-मीटर रात्री चारवर असायचा. दिवाळीनंतर तो नऊवर जाऊन बसला आणि तिथून हलेना. मीटरवरचं एकेक घर सहा डेसिबलचं, म्हणजे चौपट शक्तीचं. पाच घरं चढली म्हणजे खरखर हजारपट झाली. रोज संध्याकाळी भेटणारे सोलापूरचे, बेळगावचे आवाज तिच्याखाली गाडले गेले.

खरखरीशी माझी ओळख लहानपणापासूनची. सांगलीजवळच्या आमच्या गावात घरचा रेडिओ दिवसभर आकाशवाणी सांगलीवर असायचा, १२५१ किलोहर्ट्झवर. एप्रिल-मेमध्ये आई आणि काकू माळवदावर कुरडया घालायच्या. वर आभाळ स्वच्छ, ऊन रणरणतंय, आणि रेडिओ मध्येच 'कर्र... कट्' करायचा. थोड्या वेळाने पुन्हा. आई चुलीपाशी बसूनच ओरडायची, "रेडिओ करकरतोय गं, कुरडया आत घ्या!" आम्ही पोरं जुनी लुगडी चार कोपऱ्यांना धरून कुरडयांसकट खाली आणायचो. तासाभरात वळीव यायचा.

यात जादू काही नव्हती. वीज कडाडते तेव्हा रेडिओलहरींचाही एक भलामोठा धपाटा सुटतो आणि तो ढगांच्या कितीतरी पुढे पोहोचतो. मीडियम वेव्हवर आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो, त्यामुळे असा धपाटा थेट आवाज होऊन बाहेर पडतो. एफएममध्ये आवाज वारंवारितेत भरतात आणि उंचीतले चढउतार संच छाटून टाकतो, म्हणून एफएम स्वच्छ लागतं. आमच्या घरी एफएम आलं त्या वर्षी पहिल्या वळवात कुरडया भिजल्या होत्या. आईला त्याचं कारण मी बऱ्याच वर्षांनी समजावून सांगू शकले.

आजही मेमध्ये चाळीस मीटरवर दुपारनंतर तोच 'कट्-कर्र' ऐकू येतो. दोन कडाक्यांमधलं अंतर कमी व्हायला लागलं की मी गप्पा थांबवते, अँटेनाची केबल रिगमधून, म्हणजे संचातून, काढते आणि गॅलरीतल्या अर्थिंगच्या पट्टीला लावते. वीज दिसेपर्यंत थांबू नये, हे प्रत्येक नव्या हॅमला मी पहिल्या दिवशीच सांगते.

हौशी लोकांच्या गप्पांत खरखर म्हणजे नुसती कटकट असते. मला तसं वाटत नाही. प्रत्येक खरखरीला घर असतं, स्वभाव असतो आणि मुख्य म्हणजे वेळापत्रक असतं. हे वेळापत्रक वाचून काय सापडू शकतं त्याचं माझं आवडतं उदाहरण कार्ल जान्स्कीचं. १९३१-३२ मध्ये हा बेल लॅब्जचा तरुण इंजिनिअर न्यू जर्सीतल्या एका शेतात फिरती अँटेना घेऊन २०.५ मेगाहर्ट्झवर ऐकत बसला होता. अटलांटिकपलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये जी खरखर येते ती कुठून येते, एवढंच त्याला शोधायचं होतं. जवळची वादळं सापडली, लांबची सापडली, पण एक मंद सळसळ उरली. ती दिवसातून एकदा वाढायची. आधी वाटलं सूर्य असेल. पण तिची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे सरकत होती, २३ तास ५६ मिनिटांनी ती परत येत होती. सूर्य २४ तासांनी माथ्यावर येतो, चार मिनिटं आधी येतात ते तारे. ती सळसळ धनू राशीच्या दिशेने, आकाशगंगेच्या मध्यातून येत होती. दिवसाच्या चार मिनिटांच्या फरकातून रेडिओ खगोलशास्त्र जन्माला आलं.

आपल्याला तर ते बघायला लांबही जावं लागत नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या आहेत, चौदा मध्यभागी आणि सोळा तीन भुजांवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही रेडिओ दुर्बीण तिथेच का, याचं एक उत्तर म्हणजे तिथली शांतता. डोंगरांच्या आडोशाला माणसाने केलेला रेडिओचा गोंगाट कमी पोहोचतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं. मी मुलीला घेऊन गेले होते, तेव्हा ती त्या जाळीच्या प्रचंड थाळीखाली मान वर करून कितीतरी वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "आई, ही पण खरखरच ऐकते ना?" ऐकते. पण कुठली आपली आणि कुठली आकाशाची, हे तिला कळतं.

तर मीही वेळापत्रक लिहायला घेतलं. कॉम्प्युटर इथे उपयोगी पडला. एक जुना रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, आणि त्याला आरटीएल-एसडीआर डोंगल. हे डोंगल मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी निघाले होते. आतल्या चिपमधून कच्ची रेडिओ आकडेवारी थेट बाहेर काढता येते हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं आणि गरिबाघरी, कुठल्या वारंवारितेवर किती जोर आहे ते दाखवणारा, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आला. साधा डोंगल २४ मेगाहर्ट्झच्या खाली जात नाही. सात मेगाहर्ट्झ बघायचे तर त्याखाली ऐकायची सोय असलेला घ्यावा लागतो. दर पाच मिनिटांनी बँडची पातळी मोजून फाइलीत एक ओळ लिहायची, एवढाच प्रोग्रॅम. एक मात्र सांगते, डोंगल पायमध्ये थेट खुपसू नका. पाय स्वतःच पुष्कळ बडबड करतो. मध्ये दीडएक मीटर यूएसबी केबल ठेवा आणि ती फेराइटच्या (चिनीमातीसारख्या कडक, चुंबकी पदार्थाच्या) कड्यातून आठ-दहा वेढे घालून काढा. नुसतं चिमट्यासारखं फेराइट एकदा अडकवून सात मेगाहर्ट्झवर फारसा फरक पडत नाही. वेढे दुप्पट केले की अडथळा जवळजवळ चौपट होतो, खरं काम वेढ्यांचं आहे. फेराइट घेताना मिश्रणाचा नंबर विचारा. या बँडांसाठी ३१ नंबर चांगला. पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सगळ्यांकडे नसतो, मी मागवून घेतला.

पंधरा दिवसांचा आलेख काढला तर एक सपाट रेघ. सकाळ नाही, संध्याकाळ नाही, मालिकांची वेळ नाही, रात्र नाही. फक्त एका गुरुवारी रेघ सकाळी धाडकन खाली गेली आणि दुपारी पुन्हा वर आली. गुरुवारी आमच्याकडे देखभालीसाठी वीज गेली होती, पाय तेवढा बॅटरीवर चालू होता. म्हणजे चोर आमच्याच लाइनवर होता आणि चोवीस तास जागा होता. चोवीस तास चालणारं घरात काय असतं? फ्रिज सारखा चालू-बंद होतो, त्याची रेघ करवतीसारखी दिसली असती. राउटर तर माझा मी बंद करून बघितला होता.

मग ट्रान्झिस्टर घेऊन जिन्यात निघाले. मीडियम वेव्हच्या ट्रान्झिस्टरच्या पोटात एक काळी फेराइटची कांडी असते, तीच त्याची अँटेना. कांडीचं टोक आवाज करणाऱ्या वस्तूकडे वळलं की आवाज पडतो, कांडीची लांब बाजू तिच्याकडे आली की वाढतो. पडलेली जागा टोकदार असते, दिशा तिच्यावरूनच धरायची. पण फ्लॅटमध्ये हे पुस्तकात लिहिलंय तितकं सरळ नसतं, कारण खरखर वायरिंगवर चढून भिंतीभिंतीतून फिरते. दोनदा मी मीटरच्या पेटीपाशीच जाऊन पोहोचले. तिसऱ्यांदा पॅसेजच्या दोन टोकांहून रेघा काढल्या, आणि दोन्ही रेघा समोरच्या काकूंच्या दारात जाऊन मिळाल्या.

काकूंचं वय सत्त्याहत्तर. त्यांनी दार उघडलं, मी ट्रान्झिस्टर घेऊनच आत गेले आणि देवघरापाशी पोहोचल्यावर तो किंचाळायलाच लागला. देवांसमोर एक सुंदर पितळी समई होती, तिच्यात पाच एलईडीच्या ज्योती. दिवाळीत मुलाने पाठवली होती. तेलाचा अखंड दिवा आता त्यांना झेपत नव्हता, रात्री उठून वात सारायची, तेल घालायचं. ही समई दिवाळीपासून एकदाही बंद झाली नव्हती. मी सगळं सांगितल्यावर काकू थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, माझ्या देवाचा दिवा तुझ्या रेडिओत जाऊन बसला होय!"

प्लग काढायच्या आधी त्यांनी निरांजन लावलं. ते नीट तेवतंय याची खात्री केली, मग म्हणाल्या, "आता काढ." मुलगी आमच्या घरी रिगसमोर फोन कानाला लावून बसली होती. मी प्लग ओढला आणि फोनमधून ती ओरडली, "पाच! आई, पाचवर आला!"

तो अ‍ॅडॅप्टर मी घरी आणून उघडला. हल्लीचे हलके अ‍ॅडॅप्टर २३० व्होल्टची वीज आधी एकदिश करतात आणि मग तिचे सेकंदाला पन्नास-साठ हजार किंवा त्याहून जास्त तुकडे पाडतात, म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढा पुरतो. या तुकडे पाडण्यातूनच खरखर जन्मते. तिच्या वारंवारितेचे पट पार मेगाहर्ट्झमध्ये चढतात आणि डोंगलच्या वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावर सरकत जाणाऱ्या चित्रात, सारख्या सारख्या अंतरावर धुरकट पट्टे दिसतात, थोडे थोडे सरकणारे. ती बाहेर पडू नये म्हणून तारा आत येतात त्या जागी एक दुहेरी गुंडाळीचा चोक आणि एक कपॅसिटर लावायचा असतो. या बोर्डावर दोघांची जागा आखलेली होती, बाजूला पांढऱ्या अक्षरांत नावंही छापलेली होती. चोकच्या जागी दोन सरळ तारा डाखल्या होत्या. कपॅसिटरची भोकं रिकामी. ज्याने आराखडा केला त्याला सगळं माहीत होतं. नंतर कुणीतरी दहा-पंधरा रुपये वाचवले. मला त्या दोन तारांचा अजून राग येतो.

काकूंना मी माझ्या खोक्यातला जुना, विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॅप्टर दिला. असे जुने अ‍ॅडॅप्टर भंगारात टाकू नका. लोखंडी गाभा ५० हर्ट्झवर फक्त गुणगुणतो, रेडिओत शिरत नाही. मात्र त्यावर १२ व्होल्ट लिहिलं असलं तरी हलक्या भाराला तो सोळा-सतरा देतो आणि एलईडी जळतात, म्हणून मध्ये एक ७८१२, म्हणजे नेमके बारा व्होल्ट देणारी चिप, घातली. समई तेवते आहे, काकू रात्री झोपतात, आणि सोलापूरचे गृहस्थ पुन्हा मला ऐकू येतात.

कॉम्प्युटरवाल्यांनाही हे प्रकरण लागू आहे. वायरलेस माउस अडखळतो, कर्सर उड्या मारतो, लोक माउस बदलतात. बहुतेक वेळा त्याचा इवलासा रिसीव्हर यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारी खोचलेला असतो. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो आणि माउसही तिथेच बोलतो. वीतभर एक्स्टेन्शन घालून रिसीव्हर बाजूला काढला की माउस शहाणा होतो. ऑफिसमध्ये मी असे तीन माउस 'दुरुस्त' केलेत.

खरखर कमी करणं झालं, पण तिच्या आत बघता येणं ही वेगळीच विद्या. ती मला सरांनी शिकवली. सर तारघरात होते. त्या मोठ्या खोलीत एकाच वेळी दहा-बारा यंत्रं कट्ट-कडकट्ट करत आणि प्रत्येकाने आपलं तेवढं ऐकायचं. मला मोर्स शिकवताना ते मुद्दाम पंखा, कुकर, टीव्ही सगळं चालू ठेवायचे. "शांततेत कुणालाही ऐकू येतं," म्हणायचे. त्यांची दुसरी शिकवण अशी, की अक्षर पहिल्यापासून पुऱ्या वेगात ऐकायचं, वाढवायची ती दोन अक्षरांमधली जागा. हळू वाजवलेलं अक्षर मेंदू ठिपके मोजून ओळखतो आणि ती सवय नंतर मोडता मोडत नाही. १५ जुलै २०१३ पासून देशातली तार बंद झाली, त्या दिवशी सर माझ्याशी सात मेगाहर्ट्झवर तासभर मोर्समध्ये बोलले. विषय काढला नाही. फक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलले.

कानाचं हे काम आता कॉम्प्युटर कानापेक्षा चांगलं करतो, हे मान्य करायला मला थोडा काळ गेला. एफटीएट, म्हणजे कॉम्प्युटरने रेडिओवर छोटे निरोप पाठवायची पद्धत, २०१७ मध्ये आलं. त्यातला 'एफ' स्टीव्ह फ्रँके यांचा, 'टी' जो टेलर यांचा. टेलर यांचा कॉलसाइन के वन जेटी, म्हणजे हेही हॅमच. पण ज्या माणसाने रसेल हल्स यांच्याबरोबर १९७४ मध्ये जोडीने फिरणारा पल्सार, म्हणजे ठरावीक ठोक्याने रेडिओलहरी पाठवणारा तारा, शोधला आणि १९९३ चं नोबेल मिळवलं, तो हाच. आकाशाच्या खरखरीतून पल्सारचे ठोके वेचणाऱ्या माणसाने आपल्यासाठी खरखरीतून कॉलसाइन वेचायचं साधन करावं, याचा मला फार आनंद आहे. ७७ बिटांचा छोटा निरोप १७४ बिटांत पसरवतात, आठ सुरांत गातात, सगळा पसारा ५० हर्ट्झमध्ये मावतो. गाणं १२.६४ सेकंदांचं, दर पंधरा सेकंदांना एक पाळी. मधले बरेच सूर हरवले तरी उरलेल्यांवरून निरोप जुळतो. परवा पहाटे दक्षिण अमेरिकेतलं एक स्टेशन पडद्यावर उणे वीस डेसिबलवर, म्हणजे खरखरीच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या जोराने, उमटलं. हेडफोनमध्ये मी डोळे मिटून कितीही ऐकलं तरी तिथे मला काहीच नव्हतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी घड्याळ बघावं. सगळी पंधरा सेकंदांची पाळी घड्याळावर चालते, कॉम्प्युटर एक-दोन सेकंद मागेपुढे असला की पडदा रिकामा राहतो आणि माणूस अँटेना तपासत बसतो. इंटरनेट नसलेल्या जागी मी जीपीएसवरून वेळ घेते. दुसरं, रिगला जोडलेल्या साउंड कार्डावरून कॉम्प्युटरचे टिंगटिंग आवाज पूर्ण बंद करा, नाहीतर ईमेल आल्याची घंटी जगभर प्रसारित होते. तिसरं, ऑडिओ एवढाच ठेवा की एएलसीची, म्हणजे जास्तीचा जोर आवरणाऱ्या सोयीची, सुई हलायला नको. जोरात ढकललेला सिग्नल फाटतो आणि शेजाऱ्यांच्या ५० हर्ट्झमध्ये घुसतो. काकूंच्या अ‍ॅडॅप्टरने माझं जे केलं, तेच आपण दुसऱ्याचं करायचं का?

एफटीएटला मी गप्पा म्हणत नाही. कॉलसाइन, ठिकाण, सिग्नल, नमस्कार, संपलं. ती ओळख झाली. गप्पांसाठी मी आवाजावर किंवा मोर्सवर येते. माझा पहिला संच बिटएक्स होता, हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आराखडा केलेला. त्यातल्या कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळायच्या होत्या. फेराइटचं कडं मिळेल न मिळेल, नळाचं वॉशर मात्र कुठल्याही गावात मिळतं. मी मंडईजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून बारा घेतले होते. त्या संचात एकही प्रोसेसर नव्हता, बॅटरीवर चालायचा, आणि इतका शांत होता की अँटेना काढली की हेडफोन बंद पडलाय असं वाटायचं. अजून आहे माझ्याकडे. नव्या रिगवर काही संशय आला की आधी तो लावून बघते.

काकूंचा दिवा शांत झाल्यावर आठवडाभर मी खुशीत होते. मग पायचा आलेख पुन्हा उघडला. मीटर पाचवर आहे, चारवर आलेला नाही. आधीच्या सपाट रेघेखाली झाकलेलं काहीतरी आता वर आलंय. सकाळी साडेसात ते दहा दाट काटे, दुपारी विरळ, संध्याकाळी सहानंतर पुन्हा दाट, रात्री बारानंतर जवळजवळ नाहीत. एक काटा वीस-पंचवीस सेकंदांचा. काल संध्याकाळी मी जिन्यात घड्याळ घेऊन उभी राहिले आणि मुलीला रिगपाशी बसवलं. सातव्या मजल्यावरून कुणीतरी खाली निघालं, दार बंद झालं, वर मशीनच्या खोलीत मोटर घुमली आणि फोनमध्ये मुलगी म्हणाली, "आली."

रविवारी लिफ्टवाला सर्व्हिसिंगला येणार आहे. सेक्रेटरींकडून मशीनच्या खोलीची किल्ली मी मागून ठेवलीय, आणि ३१ नंबरची चार मोठी कडी.